मराठी शब्दाचे मूळ कसे शोधावे

नवशिका व्युत्पत्ती शोधायला बसला की सगळी भिस्त कानावर ठेवतो. दोन शब्द सारखे ऐकू आले, अर्थही जवळचा निघाला, की लावली गाठ. फारसी ‘बद’ (बदनाम, बदमाश यांतला) आणि इंग्रजी ‘बॅड’ या दोघांचाही अर्थ वाईट, उच्चारही जवळजवळ एक. तरी त्यांचे आपसात काहीही नाते नाही. उलट शाळेचे ‘दप्तर’ आणि ‘डिप्थेरिया’ हा रोग यांचा संबंध कुणाच्या स्वप्नातही येणार नाही, आणि ते दोन्ही एकाच ग्रीक शब्दाची लेकरे आहेत.

तेव्हा साम्य दिसले तर ती फक्त शंका समजावी. शंका पक्की व्हायला तीन गोष्टी लागतात: आवाजांतला बदल नियमाने झालेला असावा, काळ जुळावा आणि शब्द कुठल्या वाटेने आला ते सांगता यावे. खालची पद्धत याच तिन्हींसाठी आहे. साध्या शब्दाला तासभर पुरतो. अडेल शब्द महिनोन् महिने वहीत पडून राहतात आणि त्यात कमीपणा नाही.

आधी शब्द नीट हातात घ्या

नेमका कुठला शब्द शोधताय ते ठरवा. ‘पुसणे’ हा एक शब्द नाही, दोन आहेत. ‘वाट पुसणे’ यातला पुसणे संस्कृत ‘पृच्छति’ (विचारतो) वरून आला. ‘फळा पुसणे’ यातला ‘प्रोञ्छति’ वरून. हिंदीत ते आजही वेगळे आहेत, ‘पूछना’ आणि ‘पोंछना’. मराठीत दोघांचा उच्चार एक झाला. ही फोड न करता शोध सुरू केला तर विचारण्याचा पुसण्याशी संबंध लावणारी एखादी सुरस कथा हमखास तयार होते.

मग प्रत्यय सोडवा. ‘जबाबदारी’मध्ये जबाब, दार आणि ई असे तीन तुकडे आहेत, जबाब अरबी, दार फारसी. पण प्रत्यय फारसी म्हणून अख्खा शब्द फारसी ठरत नाही. ‘भांडखोर’मधला ‘खोर’ (खाणारा) फारसी आहे, भांडण आपले घरचे. ‘चिटणीस’, ‘फडणीस’, ‘पारसनीस’ यांतला शेवटचा तुकडा फारसी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा.

नामाचे लिंग आणि सामान्यरूपही टिपून ठेवा. कोकणी, अहिराणी, वऱ्हाडी रूपे माहीत असतील तर तीही. बोलीत बरेचदा जुने रूप टिकून असते.

कोशात बघताना

शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर लागणारे बहुतेक कोश फुकट शोधता येतात. पुढचे चार जवळ असले की नवशिक्याचे काम भागते.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, वाढवलेली १८५७) सगळ्यांत आधी उघडावा. शब्दापुढे कंसात एक रोमन अक्षर असते: एस म्हणजे संस्कृत, पी फारसी, ए अरबी, एच हिंदी. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ नोंदीच्या शेवटी चौकटी कंसात मूळ देतो: सं., अर., फा., पोर्तु., का. (म्हणजे कानडी), ध्व. (म्हणजे आवाजाच्या नकलेवरून झालेला). जुन्या वाङ्मयातला वापर बघायचा तर तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९). आणि संस्कृतपासून आजच्या भाषांपर्यंतची साखळी हवी तर टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश. त्यात एकेका मूळ रूपाखाली मराठी, कोकणी, गुजराती, हिंदी, सिंधी अशी सगळी भावंडे एका रांगेत मांडलेली सापडतात. कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ (१९४६) हाताशी असला तर उत्तमच. कुठलाही कोश असो, दिलेले मूळ ताडून पाहायचे असते. छापले आहे म्हणून ते सिद्ध होत नाही.

बरेच जण या टप्प्यावर ‘शब्द सापडत नाही’ म्हणून थांबतात, आणि कारण अगदी साधे असते: शुद्धलेखन. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे त्याआधीचे. त्यांच्यात ‘गाव’, ‘नाव’, ‘दात’, ‘काटा’, ‘पाच’ शोधू नका. ‘गांव’, ‘नांव’, ‘दांत’, ‘कांटा’, ‘पांच’ शोधा. नपुंसकलिंगी नामांच्या शेवटी ‘मडके’ऐवजी ‘मडकें’ असे टिंब द्या. हे टिंब कंटाळवाणे वाटते खरे, पण व्युत्पत्तीच्या कामात ते खजिना आहे. दन्त, कण्टक, पञ्च यांतले अनुनासिक त्या टिंबात बसले आहे. ‘ग्राम’ आणि ‘नाम’ यांतला ‘म’ गळून ‘गांव’, ‘नांव’ झाले तेव्हा त्याची खूण तेवढी उरली. आजच्या लेखनात ही खूण दिसत नाही, म्हणून जुने रूप वहीत लिहून ठेवायचे.

आवाजांचे नियम

खरी कसोटी इथे लागते. संस्कृत, मग प्राकृत, मग मराठी या प्रवासात आवाज मनमानीने बदललेले नाहीत. पाच-सहा नियम पाठ केले तरी घरगुती शब्दांपैकी बराच भाग उलगडतो.

जोडाक्षराचे आधी द्वित्त होते (एकच व्यंजन दुहेरी होते), मग द्वित्त सुटून मागचा स्वर लांबतो: हस्त, हत्थ, हात. सप्त, सत्त, सात. दुग्ध, दुद्ध, दूध. कर्म, कम्म, काम. जोडाक्षरातला एक वर्ण दन्त्य (त, थ, द, ध) आणि दुसरा ‘य’ असेल तर द्वित्त तालव्य (च, छ, ज, झ) होते: अद्य, अज्ज, आज, विद्युत्, विज्जु, वीज, नृत्य, नच्च, नाच.

दोन स्वरांमध्ये एकटे सापडलेले क, ग, च, ज, त, द टिकत नाहीत. सूची झाली सुई, पाद झाला पाय, कदली झाली केळ. ‘नगर’ तर इतके झिजले की गावांच्या नावांत ‘नेर’ उरले: संगमनेर, अमळनेर, पिंपळनेर. ‘प’ मात्र ‘व’ होऊन राहतो: दीप, दिवा; कपाट, कवाड. ख, घ, थ, ध, भ यांचा ‘ह’ होतो: दधि, दही, गोधूम, गहू.

ल आणि न यांचा नियम मराठीपुरता फार कामाचा. स्वरांमधला एकेरी ‘ल’ ‘ळ’ होतो, दुहेरी ‘ल’ ‘ल’च राहतो. म्हणून ‘गल’पासून ‘गळा’ आणि ‘गल्ल’पासून ‘गाल’. ‘फल’पासून ‘फळ’ आणि ‘फुल्ल’पासून ‘फूल’. ‘न’चेही तसेच: पानीय झाले ‘पाणी’, पण पर्ण आधी ‘पण्ण’ झाले आणि मग ‘पान’. जन, ‘जण’, कर्ण, ‘कान’. मराठी शब्दात ळ-ल किंवा ण-न काय आहे ते बघूनच मागे एकेरी अक्षर होते की जोडाक्षर याचा अंदाज करता येतो. देवनागरी लिहिणाऱ्याला ही सोय आयती मिळाली आहे.

हिंदीशी ताडून बघायला आणखी दोन खुणा. प्राकृतातला ‘छ’ मराठीत ‘स’ किंवा ‘श’ झाला, हिंदीत ‘छ’च राहिला: मासा-मछली, कासव-कछुआ, वासरू-बछड़ा, सुरी-छुरी, सहा-छह. आपला ‘सण’सुद्धा असाच ‘क्षण’वरून, प्राकृत ‘छण’मार्गे आला, संस्कृतात क्षणाचा एक अर्थ उत्सव असा होताच. दुसरी खूण शब्दाच्या सुरुवातीच्या ‘व’ची. मराठीत तो टिकतो, हिंदीत ‘ब’ होतो: वाघ-बाघ, वीस-बीस, वीज-बिजली.

‘क्ष’पाशी मात्र सांभाळून. शेत, माशी, ऊस यांत त्याचा श-स झाला (क्षेत्र, मक्षिका, इक्षु). पण राखणे, काख, तिखट यांत ‘ख’ झाला (रक्ष्, कक्षा, तीक्ष्ण). दोन्ही रूपे मराठीत खरी आहेत, त्यामुळे एका ‘क्ष’च्या जोरावर निकाल देऊ नका.

एक शब्द शेवटपर्यंत: देऊळ

‘देऊळ’ हे ‘देवालय’वरून आले असे सर्रास सांगितले जाते. अर्थ चोख जुळतो, सुरुवात जुळते, शेवटी ‘ल’चा ‘ळ’ही नियमाने. मग अडते कुठे? ‘ऊ’पाशी. ‘आलय’मध्ये उकार नाहीच. व्युत्पत्तीत प्रत्येक अक्षराचा हिशेब लागला पाहिजे. एक अक्षर जरी उपरे राहिले तरी उमेदवार बदलून बघायचा.

दुसरा उमेदवार ‘देवकुल’. कुल म्हणजे इथे घर. स्वरांमधला क गळतो: देवउल. मधला व विरतो: देउल. एकेरी ल चा ळ: देउळ, आणि आजच्या लेखनात देऊळ. उकाराचा हिशेब लागला. मधली पायरीही कल्पनेची नाही. ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकात जुगारात हरलेला संवाहक (अंग रगडून देणारा) रिकाम्या देवळात मूर्ती बनून उभा राहतो, तिथे त्याच्या प्राकृत बोलण्यात ‘देउल’ हा शब्द आहे. आणि नियम एकट्या याच शब्दासाठी बेतलेला नाही हे ‘राऊळ’ दाखवतो: राजकुल, राअउल, राऊळ. एवढी जोडी मिळाली की नोंद पक्की म्हणायला हरकत नाही. ‘गोकुळ’मध्ये क का टिकला, हा प्रश्न इथे पडायलाच हवा. ते नाव पोथ्यापुराणांमुळे संस्कृत रूपात सतत कानावर राहिले. अशा नावांवर झीज कमी होते.

एक सापळा इथेच आहे. ‘देवळात’, ‘देवळाला’ यांत ‘व’ दिसतो म्हणून ‘बघा, देवचा व परत आला’ असे म्हणण्याचा मोह होतो. ‘भाऊ’ आणि ‘भावाला’ बघा. ‘भ्रातृ’मध्ये व कुठे आहे? पुढे ‘आ’ आला की ‘ऊ’चा ‘व’ होतो, एवढेच ते आहे.

उसनवार शब्द ओळखताना

घरगुती नियम लागू पडत नसले की शब्द बाहेरचा असेल असे धरून बघा. एक झटपट चाचणी: कलम, सलाम, दलाल, मजला यांत एकेरी ‘ल’ ‘ल’च आहे. हे फारसी-अरबी शब्द मराठीत आले तोवर ‘ल’चा ‘ळ’ होण्याचा काळ उलटून गेला होता. पण चाचणी पोलादी नाही. संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले ‘कला’, ‘बालक’ हेही ‘ल’ राखतात, आणि पोर्तुगीज शब्दांच्या शेवटचा ‘ल’ ‘ळ’ झालेला दिसतो: नाताळ, इस्पितळ.

उसने शब्दही आपापल्या शिस्तीने बदलतात. फारसीतल्या ‘फ्त’चा मराठीत ‘प्त’ होतो: हफ्ता-हप्ता, दफ्तर-दप्तर. शेवटचे जोडाक्षर बहुधा फुटते: हुक्म-हुकूम, मुफ्त-मोफत. कधी अक्षरांची अदलाबदल होते; अरबी ‘कुफ्ल’चे ‘कुलूप’ झाले आणि पोर्तुगीज ‘बाल्दे’ची आधी बालदी, मग बादली. पोर्तुगीजमधला शेवटचा अनुनासिक ‘आंव’सारखा आवाज मराठीत कुठे ‘व’ तर कुठे ‘ण’ देऊन गेला: पाव, लिलाव, साबण. (साबणाला अरबी ‘साबून’ हाही दावेदार आहे, अशा ठिकाणी दोन्ही लिहून ठेवावेत.) ‘चावी’चा पोर्तुगीज मूळ शब्द आजचे पोर्तुगीज ‘शाव्ह’सारखा उच्चारतात, म्हणून काहींना ही व्युत्पत्ती खोटी वाटते. पण तो शब्द इकडे आला तेव्हा सुरुवातीला ‘च’च होता. मूळ भाषेचा उच्चारही त्या काळचा घ्यायचा.

मग काळाची चाळणी लावा. पोर्तुगीजांनी गोवा १५१० मध्ये घेतला. वसई त्यांच्याकडे १५३४ पासून १७३९ पर्यंत होती. शब्द लीळाचरित्रात किंवा ज्ञानेश्वरीत (१२९०) असेल तर पोर्तुगीज मूळ तिथेच बाद. फारसी-अरबी शब्दांचा लोंढा देवगिरी पडल्यावर आणि विशेषतः १३४७ मध्ये बहमनी सत्ता उभी राहिल्यावरचा. शिवाजी महाराजांच्या सांगण्यावरून झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’चा उपयोगही यासाठी होतो: त्यात ज्या फारसी शब्दाला संस्कृत पर्याय दिला आहे, तो शब्द १६७० च्या दशकात दरबारी वापरात होता हे आपोआप सिद्ध होते. पेशवा-प्रधान, मुजुमदार-अमात्य, सरनोबत-सेनापती या जोड्या त्या खटपटीची आठवण देतात.

वस्तूचा इतिहास मदतीला घ्या, पण आंधळेपणाने नको. बटाटा, अननस, काजू, पपई वस्तू म्हणून अमेरिकेतून आल्या आणि नावेही पोर्तुगीजांच्या तोंडून आली. मिरचीही तिकडचीच, पण नाव तिने आपल्या जुन्या ‘मिरी’वरून घेतले. नवी वस्तू, जुने नाव.

कानडीकडे बघायला लोक विसरतात. तूप (कानडी ‘तुप्प’), अण्णा, अक्का, आणि ‘अडकित्ता’मधला ‘अडके’ म्हणजे सुपारी. संस्कृत कोशात एखादा शब्द सापडला म्हणजे तो मुळात संस्कृतच, असेही नाही. संस्कृतानेही शेजारून भरपूर घेतले आहे. द्राविडी भाषांसाठी बरो आणि एमिनो यांचा व्युत्पत्तिकोश त्याच संकेतस्थळावर आहे. शब्द तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम अशा साऱ्या कुटुंबात पसरलेला आणि संस्कृतात मात्र उशिरा उगवलेला दिसला, तर प्रवाह दक्षिणेकडून आला असण्याची शक्यता धरा.

अर्थ कसा सरकला ते लिहा

रूप जुळले तरी काम अर्धेच झाले. ‘दप्तर’ घ्या. ग्रीक ‘डिफ्थेरा’ म्हणजे कमावलेले कातडे. कातड्यावर लिहीत, म्हणून लिहिण्याचे कातडे; हेरोडोटसने नोंदवले आहे की आयोनियातले ग्रीक पुढे पपायरसच्या पोथ्यांनाही हाच शब्द वापरत. पूर्वेकडे सरकत तो फारसीत ‘दफ्तर’ झाला: हिशेबाची वही, नोंदवही. मराठीत वही मागे पडून कागदपत्रांचा संग्रह असा अर्थ बसला, पुण्याच्या पेशवे दप्तरातला. हिंदीने कागद ठेवण्याची जागा धरली, कचेरी. मराठी शाळेने पोरांच्या वह्या-पुस्तकांची पिशवी धरली. आणि घशात कातड्यासारखा पापुद्रा धरतो म्हणून डॉक्टरांनी घटसर्पाला त्याच ग्रीक शब्दावरून डिप्थेरिया नाव दिले.

प्रत्येक पायरी दुसरीला चिकटलेली आहे, मध्ये उडी नाही. अशी साखळी मांडता आली नाही तर अर्थ जुळवून घेतलाय असे समजा. ‘राजीनामा’ फारसीत संमतीचा लेख. उत्तरेत त्याला तडजोडीचा करार म्हणतात, आपण नोकरी सोडण्याचे पत्र म्हणतो. ‘मोहीम’च्या मागचा अरबी शब्द म्हणजे नुसते ‘महत्त्वाचे’. साखरेच्या मागची ‘शर्करा’ म्हणजे खडे, वाळू.

वहीत नोंद कशी ठेवावी

एका शब्दाला एक पान. क्रम असा ठेवला तर पुढे शोधायला सोपे जाते:

देऊळ (न.), सा.रू. देवळा-. अर्थ: मंदिर. जुने रूप: देउळ. साखळी: सं. देवकुल > प्रा. देउल > म. देऊळ. नियम: स्वरांमधला क गळणे, एकेरी ल > ळ. जोडीदार: राऊळ < राजकुल. नाकारलेले मूळ: देवालय (उकाराचा हिशेब लागत नाही). खात्री: पक्की.

जे रूप कुठेही लिहिलेले सापडले नाही, फक्त नियमाने मागे जाऊन बांधले, त्याच्या आधी तारका (*) द्यायची. ही जगभरची रीत आहे. ‘नाकारलेले मूळ’ हा रकाना कधी गाळू नका. सहा महिन्यांनी तीच आकर्षक चूक पुन्हा समोर येते, आणि ती का सोडली होती हे आठवत नाही. खात्रीच्या रकान्यात पक्की, बहुधा, वादग्रस्त एवढे तीनच शब्द पुरेत.

हात बसवायला सुरुवातीला हे सहा शब्द घ्या: सांज, सुतार, कुंभार, पगार, तुरुंग, हंगाम. पहिले तीन वरच्या ध्वनिनियमांनी सुटतात (सुताराला जोडाक्षराचा आणि ‘ध’चा असे दोन्ही नियम लागतील, शिवाय ‘ह’ही शेवटी गळतो). पगार आणि तुरुंग यांसाठी गोव्याच्या दिशेने बघा, हंगामासाठी फारसी कोश उघडा. माधव जूलियन यांचा ‘फारसी-मराठी कोश’ (१९२५) त्या कामाला चांगला.